फाळक्यापासून जमिनीपर्यंत

मालवाहू गाड्यांवरून पडून होणाऱ्या इजांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रस्तावना

लासलगाव आणि विंचूरचे कांदा बाजार, पिंपळगाव बसवंतचे टोमॅटोचे लिलाव, पंचवटीतली बाजार समिती, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची आवारे, आडगावचे ट्रक टर्मिनस, सिन्नरकडची गोदामे. नाशिक जिल्ह्यात या सगळ्या ठिकाणी दिवसभर, आणि हंगामात रात्रभरही, गाड्या भरल्या जातात आणि खाली केल्या जातात. हे काम करताना माणसे पडतात. कोणी हौद्यात मागे पाऊल टाकताना पडतो, कोणी फळीवरून, कोणी थप्पीच्या माथ्यावर ताडपत्री ओढताना. पडण्याची उंची बहुतेक वेळा छातीएवढीच, सव्वा ते दीड मीटर असते, आणि तेवढ्या उंचीला कोणी उंची म्हणत नाही. परांचीवरून पडलेल्या गवंड्याची निदान बातमी तरी होते. गाडीवरून पडलेल्या हमालाला टोळीतले दोघे रिक्षात घालून दवाखान्यात नेतात आणि गाडी अर्धी राहिली आहे म्हणून परत येतात. या दीड मीटरच्या अभ्यासात तुम्ही पाऊल टाकत आहात.

मला या प्रस्तावनेत एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. या इजेचे मूळ माणसाच्या निष्काळजीपणात शोधू नका. फाळका, म्हणजे हौद्याचे मागचे उघडणारे दार, आणि जमीन यांच्यामधल्या जागेत शोधा. गाडी वाहतूकदाराची, माल व्यापाऱ्याचा, आवार बाजार समितीचे किंवा कारखान्याचे, अंगमेहनत टोळीची. प्रत्येकाला आपापली हद्द ठाऊक आहे. फाळका उघडला की जी मधली जागा तयार होते, तिथे शिडी कोणी ठेवायची, फळी कोणी तपासायची, दिवा कोणी लावायचा, हे मात्र कोणाच्याच कामात लिहिलेले नसते.

आधी उंचीचा हिशेब करू, कारण पहिला गैरसमज तिथेच आहे. ट्रकच्या हौद्याचा तळ जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटरवर असतो. दीड मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीवर पोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो आणि आदळताना तिचा वेग ताशी १९ ते २० किलोमीटर असतो. पण माणूस हौद्यात उभा असतो. त्याचे डोके जमिनीपासून तीन मीटरच्या आसपास असते. तो मागच्या मागे डोक्यावर आला तर त्या डोक्याचा वेग ताशी २७ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. तोल सावरायला, हात पुढे करायला जो वेळ लागतो, तो इथे उरतच नाही.

आता पुढचा प्रश्न: तो कशावर पडतो? ह्यू डी हेवन या अमेरिकी अभ्यासकाने १९४२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा त्यात अभ्यास होता. पहिल्या महायुद्धात विमान-प्रशिक्षण घेत असताना तो स्वतः अपघातातून वाचला होता आणि आपण का वाचलो हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर सोडला नाही. त्याचा निष्कर्ष असा, की नुसती उंची जीव घेत नाही. शरीर किती अंतरात थांबते आणि तो आघात शरीराच्या किती भागावर पसरतो, यावर सगळे अवलंबून असते. मऊ मातीत काही इंच रुतणारे शरीर वाचू शकते. काँक्रीटवर थांबायला जवळजवळ अंतरच मिळत नाही. आपल्या बाजार आवारांत गेल्या काही दशकांत काँक्रीट झाले. चिखल गेला, हे चांगलेच झाले. मात्र पडणाऱ्यासाठी जमीन कडक झाली, हेही त्याच कामाचे फलित आहे आणि अभ्यासकाने ते नोंदवले पाहिजे.

वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी इथे विशेष काम आहे. उभ्याने पायांवर आलेल्या माणसाची टाच मोडते, आणि तोच धक्का वर चढून कमरेचा मणका दाबू शकतो. म्हणून टाच मोडलेल्या रुग्णाचा मणका तपासावा, असे अस्थिरोगाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. गर्दीच्या दवाखान्यात सुजलेली टाच दिसते, मणका मात्र राहून जातो. हातावर पडला तर मनगट जाते. डोक्याच्या मागच्या बाजूवर पडला आणि दहा मिनिटांत उठून पाणी प्यायला, तर सगळे म्हणतात, वाचला. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साकळणारे रक्त कधी कधी काही आठवड्यांनी लक्षण दाखवते. डोके दुखते, एक हात जड होतो, बोलणे अडखळते. तोपर्यंत तो गावी गेलेला असतो आणि त्या पडण्याचा आणि या दुखण्याचा संबंध जोडणारे जवळ कोणी नसते. हमाल किंवा ड्रायव्हर डोकेदुखीची तक्रार घेऊन आला, की महिन्याभरात कुठे पडला होतास का, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लागली, तर मी या सगळ्या खटाटोपाचे चीज झाले असे मानेन.

कांद्याची एक गाडी पहिल्या गोणीपासून शेवटच्या गाठीपर्यंत भरताना पाहा. या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम तिथेच आहे. लिलाव झाला की शेतकऱ्याचा ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथे कांदा खाली होतो, निवडला जातो, गोण्यांत भरला जातो. मग पन्नास किलोच्या आसपासची गोणी दोघे जण तिसऱ्याच्या पाठीवर देतात आणि तो फळीवरून हौद्यात चढतो. साठ किलोच्या माणसाच्या पाठीवर पन्नास किलो आले की दोघांचा मिळून गुरुत्वमध्य वर सरकतो. रिकाम्या अंगाने जी चूक एका पावलात सावरली असती, ती आता सावरत नाही. हौद्याच्या पत्र्यावर कांद्याचे वाळलेले पापुद्रे पडलेले असतात. ते दिसायला कस्पटासारखे, पण पत्रा आणि चप्पल यांच्यामध्ये आले की पाय सरकवतात. पहिले दोन थर सोपे जातात. त्यानंतर लावलेली थप्पी हीच उभे राहण्याची जमीन होते, आणि ती जमीन गोल कांद्यांनी भरलेल्या पोत्यांची, पायाखाली सरकणारी असते.

गाडी खाली करताना उलटा धोका असतो. वजन उतरत जाते तसे गाडीच्या स्प्रिंगचे पाटे सैल होतात आणि हौदा काही इंच वर येतो. सकाळी माल उतरवण्याच्या धक्क्याशी नीट बसलेली फळी दुपारपर्यंत तिरपी होते, तिचे टोक सुटू लागते. चाकाखाली दगड लावलेला नसेल तर गाडी वीतभर पुढे सरकली तरी फळी निसटते. फळीवर चढताना माणूस सावध असतो. ओझे टाकून रिकाम्या हातांनी, पुढच्या गोणीचा विचार करत परतताना तो तितका सावध नसतो. म्हणूनच नुसते ओझे घेऊन चालणाऱ्याकडे पाहून थांबू नका.

भरणीतली सर्वात वाईट घटका शेवटची. माल रचून झालेला असतो, सगळे दमलेले असतात, ड्रायव्हरला घाट उतरून मुंबई गाठायची असते किंवा आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघायचे असते. कोणीतरी थप्पीच्या माथ्यावर चढून ताडपत्री पसरतो. तिथे उंची दीड मीटर राहिलेली नसते, साडेतीन-चार मीटर झालेली असते. दोर आवळताना माणूस सगळे वजन मागे टाकतो. गाठ सरकली किंवा जुना दोर तुटला, तर तो मागेच जातो. हा माणूस पुष्कळदा टोळीतला नसतोच. ड्रायव्हर किंवा क्लीनर असतो. मग उतरायचे कसे? मागे शिडी नसते, धरायला कडी नसते. टायरवर पाय, तिथून उडी. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम गाडीला टेकलेले असावेत, हा चढउतारीचा जगभर शिकवला जाणारा नियम आहे. आपल्या बहुसंख्य ट्रकांच्या मागच्या बाजूला तो पाळायला जागाच ठेवलेली नाही.

ओझ्याच्या वजनाचा लढा या अभ्यासाचा पूर्वज आहे आणि तो महाराष्ट्राने जोमाने लढवला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली. आपल्याकडे त्यानंतरही शंभर किलोची पोती पाठीवरून जात होती. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी संघटनेने हमालाच्या पाठीचा प्रश्न सार्वजनिक केला. २०२१ मध्ये वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातल्या माथाड्यांनी पन्नास किलोंवरची गोणी उचलायला नकार दिला, तो याच परंपरेतला. गोणी हलकी झाल्याने पाठी वाचल्या, याबद्दल मला शंका नाही. पडणे किती कमी झाले, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. तेवढाच माल हलक्या गोण्यांत भरायचा तर फेऱ्या वाढतात, आणि मजुरी नगावर असेल तर फेऱ्यांचा वेगही वाढतो. पाठीचा लढा जिंकला म्हणून पायाखालच्या जागेचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना इथे भरपूर जमीन आहे. १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा ही देशात वेगळी ठरलेली रचना आहे. कामगार एका मालकाचा नसतो, रोज दहा व्यापाऱ्यांकडे काम करतो, हे वास्तव मान्य करून कायद्याने मध्ये एक मंडळ उभे केले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुरी द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, उपदान, औषधोपचार यांची तरतूद करायची. नुकसानभरपाईचा कायदाही नोंदणीकृत कामगारांना लागू केला. १९२३ च्या त्या केंद्रीय कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात यांत्रिक वाहनात माल चढवणारे-उतरवणारे शब्दशः घातलेले होते. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हा माणूस दिसला होता. तो कायदा आता, नोव्हेंबर २०२५ पासून, सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. जुन्या तरतुदी नव्या संहितेत कशा उतरल्या, हे तपासण्याचे काम तुमच्या पिढीचे.

न्यायालयांनीही या मधल्या जागेत काही खुणा रोवल्या आहेत. राजकमल ट्रान्सपोर्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले, की वाहतूक कंपनीच्या आवारात माल चढवणारे-उतरवणारे हमाल कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली त्या कंपनीचेच कर्मचारी ठरतात. त्याआधी १९९१ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका टँकर-स्फोटाच्या प्रकरणात, रस्त्याकडेला निश्चल पडलेले वाहनही मोटार वाहन कायद्याच्या अर्थाने वापरात असू शकते, असा निर्णय झाला. उभ्या गाडीवरून पडलेल्या माणसाच्या वकिलाने हे दोन्ही निकाल वाचलेले असावेत. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याचे ३२ वे कलम तर मला फार मोलाचे वाटते. पडण्याचा संभव असलेल्या उंचीवर काम असेल तर कुंपण किंवा अन्य सोय करा, असे ते सांगत होते आणि उंचीचा आकडा देत नव्हते. ब्रिटनने २००५ च्या नियमांत दोन मीटरची जुनी मर्यादा काढून टाकली आणि जिथून पडून इजा होऊ शकते ती प्रत्येक जागा उंचीच मानली. आपल्या कलमात ती समज त्याआधीपासून होती. ती फाटकाच्या आत थांबलेल्या ट्रकच्या हौद्यापर्यंत मात्र क्वचितच पोचली, आणि बाजाराच्या आवारात तर कारखाना कायदाच नव्हता.

नाशिकने अलीकडे याच मालकीच्या प्रश्नाची झळ सोसली. २०२४ च्या एप्रिलमध्ये शेतकऱ्यांच्या पट्टीतून हमाली, तोलाई, वाराई कापायची की नाही आणि लेव्ही कोणी भरायची, या वादात जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. शेतकऱ्याचा माल अडकला, हमालाची मजुरी थांबली. त्या वादात शेतकरी, हमाल आणि व्यापारी या तिन्ही पक्षांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. शेतकऱ्याने आपल्या पट्टीतली कपात मुकाट्याने सोसावी असे मीही म्हणणार नाही. पण लेव्ही म्हणजे केवळ मजुरीवरचा बोजा नव्हे. पडलेल्या माणसाच्या औषधाचा आणि त्याच्या घरच्या महिन्याचा पैसा त्याच वाटेने येतो. ही बाजू त्या आठवड्यांत फार थोड्यांनी मांडली.

आकड्यांकडे आलात की निराश होऊ नका. केंद्राची कारखानाविषयक आकडेवारी नोंदणीकृत कारखान्यांपुरती असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल अपघाती मृत्यू मोजतो, मोडलेल्या टाचा मोजत नाही. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘पडून मार लागला’ एवढेच असते. जिन्यावरून पडलेली आजी आणि ट्रकवरून पडलेला हमाल त्या तीन शब्दांत एकच होऊन जातात. म्हणून या शाखेतले पहिले चांगले संशोधन बहुधा मोठ्या सर्वेक्षणातून येणार नाही. एखाद्या रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘कशावरून, कोणते काम करताना, कोणाच्या आवारात’ असे तीन रकाने वाढवण्यातून येईल.

निष्काळजीपणाच्या सिद्धांताबद्दल दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण तो तुम्हाला पहिल्याच दिवशी भेटेल. हाइनरिक या अमेरिकी विमा अधिकाऱ्याने १९३१ च्या आपल्या पुस्तकात ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्याने होतात, असे मांडले. ते आकडे विम्याच्या कागदांवरून आणि मालकांच्या अहवालांवरून काढलेले होते. मूळ नोंदी पुढे कोणालाच तपासता आल्या नाहीत. तरीही तो विचार जगभरच्या कारखान्यांत रुजला, आपल्याकडेही रुजला. डॉक्टर विल्यम हॅडन यांनी त्याला उत्तम उत्तर दिले. इजेचे तीन टप्पे करा, म्हणाले: घडण्याआधी, घडताना, घडल्यानंतर. प्रत्येक टप्प्यात माणूस, वस्तू आणि परिसर हे तिन्ही तपासा. विंचूरच्या एखाद्या खळ्यावर हा तक्ता भरून पाहा. आधी: चाकाखालचा दगड, फळीला खाचेत बसणारे टोक, हौद्याला अडकवायची शिडी, झाडलेला पत्रा. घडताना: खाली काँक्रीट आहे की रिकामी पोती पसरली आहेत. नंतर: मान न हलवता उचलण्याची माहिती कोणाला आहे, जवळचे सीटी स्कॅन कुठे आहे. नऊ चौकटींपैकी ‘पडण्याआधीचे माणसाचे वागणे’ एकच चौकट व्यापते.

हाच मार्ग भारतात दिल्लीच्या आयआयटीतले दिनेश मोहन यांनी चालून दाखवला. लहान मुले डोक्यावर पडतात त्याचा यांत्रिक अभ्यास करणाऱ्या चमूत ते होते, आणि पुढे मळणीयंत्रात हात गमावणाऱ्या शेतमजुरांच्या प्रश्नावरही त्यांनी काम केले. मजुराला उपदेश करण्यापेक्षा यंत्राचे तोंड बदला, ही त्यांची दिशा होती. ट्रकची बॉडी बांधणाऱ्या कारागिरांकडे तुम्ही हीच दिशा घेऊन जावे, असे मला वाटते. मागच्या फाळक्याजवळ दोन कड्या आणि एक दुमडती पायरी बसवायला अवघड असे काय आहे? ती मागणारे गिऱ्हाईक आजवर त्यांच्याकडे आले नाही, एवढेच.

द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या शीतगृहांवर गेलात तर वेगळे चित्र दिसेल. तिथे धक्का कंटेनरच्या उंचीचा असतो, पेट्या हलक्या असतात, पॅलेट ढकलगाडीवरून सरळ आत जाते. तिथला धोका निसरड्याचा: शून्याच्या जवळच्या थंडीतून बाहेरच्या उन्हात आलेल्या पेट्यांवर पाणी सुटते आणि फरशी ओली होते. एकाच जिल्ह्यात, तासाभराच्या अंतरावर, दोन प्रकारच्या कामाच्या जागा आहेत. परदेशी ग्राहकाच्या तपासणीसाठी एकीकडे धक्का बांधला गेला; दुसरीकडे फळीवर भागते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून एक प्रबंध सहज मिळेल. शहरात घरोघर माल पोचवणाऱ्या छोट्या टेम्पोंचा अभ्यास तर अजून कोणी सुरूच केलेला दिसत नाही. तिथे ड्रायव्हरच हमाल असतो आणि वेळेचा तगादा मोबाइलवरून येतो.

शेवटी कामाच्या पद्धतीबद्दल. टोळीशी बोलायचे तर मुकादमाला आधी भेटा आणि गाडी भरणे चालू असताना बोलू नका. तुमच्या प्रश्नाकडे वळलेली मान हाही धोकाच आहे. चहाच्या वेळी बसा. वयाने मोठ्यांना अहोजाहो करा, मग ते तुम्हाला ‘अरे पोरा’ म्हणोत. ‘कसे पडलात’ हा प्रश्न आधी विचारू नका. त्याचे उत्तर ‘माझंच लक्ष नव्हतं’ असे येते, कारण आजवर प्रत्येकाने त्यांना तेच सांगितले आहे. त्याऐवजी गाडी कुठे आणि कोणत्या उतारावर उभी होती, कितवी गोणी होती, फळी कोणी आणली होती, उजेड कुठून येत होता, पायात काय होते, त्या दिवशी आधी किती गाड्या भरल्या होत्या, हे विचारा. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘पाटा उठला’, ‘फळीनं दगा दिला’, ‘थप्पी बसली’ अशा बोलण्यात जी यांत्रिक माहिती असते, ती आपल्या प्रमाण वाक्यांत हरवते. लिहून झाले की ते त्यांना वाचून दाखवा. त्यांनी दुरुस्ती सांगितली तर ती करा, आणि त्या कागदाची एक प्रत त्यांच्याजवळ राहू द्या. भरपाईचा अर्ज करायची वेळ आली तर घटनेचा तेवढाच लेखी पुरावा त्यांच्या हातात असण्याची शक्यता आहे.